शेजपाळण्याची टिचकी

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी इचलकरंजीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, साडेपाच महिन्यांच्या जाई ढवळे हिचा श्वास झोपेत थांबला आणि आपणहून सुरू झाला नाही.

जाई जमिनीवर अंथरलेल्या सपाट, घट्ट गादीवर उताणी झोपली होती. गादीवर उशी नव्हती, पांघरूण नव्हतं, खेळणं नव्हतं. तिला सर्दी नव्हती, ताप नव्हता. शेजारी तिची आजी, उज्ज्वला ढवळे, मेथी निवडत बसल्या होत्या. नात शांत झोपली आहे असं त्यांना वाटलं. थोड्या वेळाने ती जरा जास्तच शांत आहे असं वाटलं. वाकून पाहिलं तेव्हा ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या. त्यांनी तिला उचललं आणि तळपायावर चापट मारली. जाईने एक खोल श्वास घेतला, मग ती रडली.

जाईची आई ईश्वरी कापड गिरणीच्या तपासणी विभागात काम करते. प्रसूतीची रजा संपून तिला कामावर रुजू होऊन चौथाच दिवस होता. तिला फोन गेला. "आहे ती. रडतेय. पण तू ये," एवढंच उज्ज्वलाबाई म्हणाल्या. ईश्वरी घरी पोचली तेव्हा जाई आजीच्या खांद्यावर होती आणि आजी तिला खाली ठेवायला तयार नव्हती. मेथीची पानं दारापर्यंत पसरली होती.

बारशानंतर त्या दुपारी जाई पहिल्यांदाच शेजपाळण्याबाहेर एकटी झोपली होती.

शेजपाळणा ईश्वरीने सातव्या महिन्यातच निवडून ठेवला होता. पलंगाच्या कडेला पट्ट्याने बांधायचा, पलंगाकडची बाजू खाली घ्यायची. बाळ हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या अंथरुणावर. घडी करून पिशवीत घालता येईल असा हवा होता, कारण बाळंतपण माहेरी तासगावला होणार होतं आणि नंतर सासरी यायचं होतं. ईश्वरी दिवसभर नजरेसमोरून सरकणाऱ्या कापडातले दोष शोधते. दुकानातही तिने तेच केलं. जाळीत करंगळी अडकते का, गादी तळव्याने दाबल्यावर खड्डा राहतो का, पट्टा ताणल्यावर पाळणा आणि पलंग यांच्यामध्ये फट उरते का, हे तिने एकेका नमुन्यावर करून पाहिलं. एकात दोन बोटं मावतील एवढी फट राहिली. पातळ उशी सरकवली की भागतं, असं दुकानदाराने सुचवलं. ईश्वरी पुढच्या पाळण्याकडे वळली.

शेवटी घेतलेल्या पाळण्याला टिचकी होती. नवरा निनाद याचा आग्रह त्यासाठी होता.

तान्ह्या मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. चार-पाच भरभर श्वास, मग एक थांबा, मग पुन्हा श्वास. हे थांबे बहुतेक निरुपद्रवी असतात. क्वचित एखादा लांबतो आणि मूल त्यातून बाहेर येत नाही. असं का होतं हे वैद्यकाला अजून पूर्ण कळलेलं नाही. शेजपाळण्याच्या तळाशी बसवलेला छोटा रडार छातीची केसभर हालचाल टिपतो. थांबा दहा सेकंदांपुढे गेला की गादीखालची एक पट्टी अगदी हलकी, वेडीवाकडी थरथर करते. मूल जागं होत नाही, पण मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र दचकतं आणि श्वास सुरू होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी रुग्णालयांत वापरली जाणारी ही युक्ती घराघरांत आली तेव्हा आयांनीच तिला टिचकी हे नाव दिलं. प्रत्येक बाळाचा श्वास वेगळा असतो, म्हणून पाळणा पहिल्या वापरात बाळाशी ओळख करून घेतो. वजन किती, थांबे किती लांब, टिचकीला प्रतिसाद किती लवकर. त्यावरून आपण किती थांबायचं हे तो ठरवतो.

ईश्वरीने सूचनांची पुस्तिका तीनदा वाचली होती. तिच्या आईने, जयश्रीबाईंनी, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवली होती. ती कपाटात गेली. वेखंडाची पुरचुंडी खुंटीला टांगली गेली. मावशीने विणलेली दुलई फक्त फोटोपुरती अंगावर आली. माहेरी यावरून कुरबुर झाली. पण रोज सकाळी फोनवर रात्रीचा निकाल येई आणि तो हिरवा असे. इतर आयांच्या निकालात मधूनमधून पिवळे ठिपके दिसत, दहा सेकंदांपुढच्या थांब्यांचे. जाईच्या पाच महिन्यांत एकही पिवळा ठिपका नव्हता. ईश्वरीने हे मैत्रिणींना सांगितलं होतं, आणि सांगताना तिला बरं वाटलं होतं.

बुधवारी संध्याकाळी जाईने दोन्ही हात टेकले, गुडघे पोटाखाली घेतले आणि पाळण्याच्या खाली घेतलेल्या कडेवर हनुवटी ठेवून आईकडे पाहिलं. निनादने व्हिडिओ काढला. मूल हातागुडघ्यांवर उठू लागलं की त्याच दिवशी वापर थांबवा, नाहीतर ते कडेवरून पडू शकतं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. ईश्वरीने त्या रात्री कडा पूर्ण वर करून स्वतः जागत एवढी एक रात्र काढली. सकाळी पाळण्याची घडी करून तो पिशवीत घातला, जमिनीवर गादी अंथरली आणि ती कामाला गेली.

मिरजेच्या एका बालरुग्णालयात डॉक्टर तस्नीम मुजावर यांनी जाईला दोन दिवस ठेवून घेतलं. हृदय, फुप्फुसं, रक्त, मेंदूचा आलेख, सगळं पाहिलं. सगळं ठीक होतं. मग त्यांनी जाईला साध्या खाटेवर झोपू दिलं आणि पडद्याकडे पाहत बसल्या. थोड्या वेळाने श्वास थांबला. प्राणवायूचा आकडा उतरू लागला. डॉक्टर वाट पाहत राहिल्या, ईश्वरी उठून उभी राहिली, आणि आकडा ठरलेल्या रेषेवर आला तेव्हा डॉक्टरांनी जाईच्या तळपायावर बोटाने टिचकी मारली. श्वास सुरू झाला. त्या दुपारी हे आणखी तीनदा झालं. एकदाही जाईने सुरुवात स्वतः केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजपाळणा मागवला. जाई त्यात झोपली. पडद्यावरची रेघ पाठ्यपुस्तकात छापावी इतकी नीट होती. डॉक्टरांनी गादीखाली तळहात सरकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग ईश्वरीला हात घालायला सांगितलं.

गादीखाली पट्टी थरथरत होती. थांबत होती, पुन्हा थरथरत होती. ईश्वरीचा हात तिथे असेपर्यंत ती अनेकदा थरथरली. या खोलीत ठेवलेला दुसऱ्या एका बाळाचा पाळणा रात्रभरात पाच-सहा वेळा टिचकी देतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. जाईचा पाळणा दहा सेकंद थांबत नव्हता. तीन थांबत होता. दहापर्यंत कुठलाच थांबा पोचत नसल्यामुळे निकाल रोज हिरवा येत होता.

पुढचं त्यांनी बेतानेच मांडलं, कारण त्याची पूर्ण खात्री त्यांनाही नव्हती. जन्मल्यावर बाळाच्या मुठीत बोट ठेवलं की ती आपोआप मिटते. काही महिन्यांत ही उपजत पकड जाते आणि तिच्या जागी मूल मुद्दाम धरायला शिकतं. श्वासाचंही तसंच असावं. थांब्यातून बाहेर पडण्याची उपजत खोड दुसऱ्या महिन्यानंतर विरत जाते, आणि त्याच काळात मेंदू ते काम नव्याने शिकतो. शिकतो तो थांबून, थोडं गुदमरून, स्वतः दचकून. जाईला गुदमरण्याची वेळच आली नव्हती. खांद्यावर, मांडीवर, गाडीत ती झोपली तेव्हा दुसऱ्याच्या अंगाची हालचाल तिला पुरली. उरलेल्या वेळी पाळणा होता.

"तिला येत नाही असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिला कोणी करू दिलेलं नाही."

मग त्यांनी विचारलं, की पाळणा तीन सेकंदांवर कसा आला. कारखान्यातून तो दहावर येतो. ओळख करून घेताना त्याने काहीतरी भयंकर पाहिलं असेल तरच तो इतका खाली उतरेल.

"पाळण्यात जाईशिवाय दुसरं काही ठेवलं होतं का? कधीही?"

"कधीच नाही," ईश्वरी म्हणाली. "रुमालसुद्धा नाही."

उज्ज्वलाबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही.

"वरवंटा," त्या म्हणाल्या.

बारसं तासगावला झालं होतं. जयश्रीबाईंना शेजारच्या घरातला टांगता पाळणा मागून आणायचा होता. त्यात त्या घरातली चार मुलं वाढली होती, आणि नांदत्या घरचा पाळणा मागून आणावा अशी रीत होती. ईश्वरीने नकार दिला. दोऱ्या, फळ्यांमधल्या फटी, मऊ गादी, एवढं सगळं एका दुपारसाठी कशाला, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी तडजोड झाली. बारसं शेजपाळण्यातच होईल, पण बारशाआधी बाळाला पाळण्यात घालायचं नाही, हे आईचं एक ऐकायचं. म्हणून तोवर जाई वेगळ्या गादीवर झोपली, आणि पाळणा बाराव्या दिवशी सकाळी पहिल्यांदा पिशवीतून निघाला. निनादने तो पलंगाला बांधला, चार्ज केला, सुरू केला.

रिकामा पाळणा हलवत नाहीत. त्यामुळे बाळाआधी वरवंटा. जयश्रीबाईंनी पाट्यावरचा वरवंटा धुतला, कुंकू लावलं, बाळंत्यात गुंडाळला, टोकाला जाईची लाल कुंची बांधली. बायकांनी तो पाळण्याखालून आणि वरून एकमेकींच्या हातात दिला-घेतला आणि मग आत निजवला. पाळणा म्हणायला सुरुवात झाली. सगळी कडवी येणारी एक आजी होती, त्यामुळे तो लांबला.

यंत्राच्या दृष्टीने पहिलं बाळ आलं होतं. त्याला वजन होतं. त्याला श्वास नव्हता. दहा सेकंदांनी पट्टीने टिचकी दिली. काही झालं नाही. तिने जोराची टिचकी दिली, मग त्याहून जोराची. कुंचीचा गोंडा थरथरू लागला. निनादची बहीण प्रणाली, म्हणजे बाळाची आत्या, हिच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं.

"बघा गं, दगडाला श्वास घ्यायला लावतोय हा," ती म्हणाली. बायका हसल्या. पाळण्याचा भोंगा वाजला तेव्हा आणखी हसल्या. ईश्वरीचा फोन पलंगावर होता, त्यावर प्रश्न आला होता, बाळ ठीक आहे का. प्रणालीने तो उचलला. "ठीकच आहे की. जेवून बसलंय निवांत," असं म्हणत तिने होय दाबलं. भोंगा थांबला. गाणं पुढे चाललं, भोंगा पुन्हा वाजला, तिने पुन्हा होय दाबलं. मग वरवंटा बाहेर निघाला, जाई आत गेली, आणि आत्याने तिच्या कानात नाव सांगितलं.

पाळण्याने यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं. या बाळाचा श्वास कित्येक मिनिटं थांबतो. सगळ्यात जोरदार टिचकीलाही ते उठत नाही. घरातली माणसं ते ठीक आहे म्हणतात. अशा बाळाच्या बाबतीत दहा सेकंद वाट पाहणं परवडणार नाही.

"किती वजनाचा होता?" डॉक्टरांनी विचारलं.

उज्ज्वलाबाईंनी दोन्ही हात आडवे धरून अंदाज घेतला. "पोरीएवढाच," त्या म्हणाल्या.

बारशाला ईश्वरी पाळण्याच्या उशाशी बसली होती. ती हसणाऱ्यांत होती.

डॉक्टर मुजावर यांच्याकडे तोपर्यंत सांगली आणि कोल्हापूर भागातून अशी एकोणीस मुलं आली होती. कंपनीचे अभियंते दोन महिने रडारमध्ये दोष शोधत होते आणि तो सापडत नव्हता, कारण तिथे दोष नव्हता. डॉक्टरांनी सगळ्या घरांना फोन करून एकच प्रश्न विचारला. चौदा घरांनी वरवंटा म्हणून सांगितलं. एका घराने नारळ ठेवला होता. उरलेल्या चार घरांनी काहीच ठेवलं नव्हतं, निदान तसं ते म्हणाले.

कंपनीचा प्रतिनिधी पुण्याहून आला. तिशीतला, सभ्य माणूस. पाळण्यात बाळाखेरीज काहीही ठेवू नये असं पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर आहे, हे त्याने नम्रपणे दाखवलं. ते खरं होतं. निनादने त्याला विचारलं, की यंत्राला दगड आणि मूल यांतला फरक कळत नाही हे पुस्तिकेत कुठल्या पानावर आहे. प्रतिनिधीने पुस्तिका मिटली. वरवंटा म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावं लागलं नाही. "आमच्याकडेही ठेवतात," जाताना तो ईश्वरीला म्हणाला. "माझ्या मुलाच्या वेळी ठेवला होता. पण आमचा पाळणा लाकडी होता."

कंपनीने अशा घरांना मोठा पलंग देऊ केला. कडा उंच, टिचकी तीच, मूल पाच वर्षांचं होईपर्यंत वापरता येईल.

निनादला तो हवा होता. शेजपाळणा आता फार तर काही दिवस चालणार होता, तोही कोणीतरी डोळ्यांत तेल घालून शेजारी बसलं तर. जाई दिवसेंदिवस कडेवर जास्त वर येत होती. दुसरा मार्ग डॉक्टरांनी सांगितला होता, तो म्हणजे सोडवण्याचा. रुग्णालयात, दिवसाच्या झोपेत, प्राणवायू तयार ठेवून, टिचकीची वेळ एकेक सेकंदाने वाढवत न्यायची. तीनची चार, चारची पाच. दर वेळी मुलीला थोडं जास्त थांबू द्यायचं आणि हात मागे ठेवायचे. एकोणीसपैकी सहा मुलांवर हे केलं होतं. तिघं सुटली होती. दोघं अजून मध्येच होती. एका मुलाबद्दल डॉक्टरांनी फक्त एवढंच सांगितलं, की त्याच्या आईवडिलांनी ते घरी करून पाहिलं होतं.

निनाद आणि ईश्वरी रुग्णालयाच्या जिन्यात उभे राहून बोलले.

"पाच वर्षं निर्धास्त," निनाद म्हणाला.

"आणि सहाव्या वर्षी?"

"सहाव्याचं सहाव्या वर्षी बघू की. तोवर काहीतरी निघेल."

"शाळेच्या सहलीला गेली तर पलंग पाठवायचा का?"

"ईश्वरी, सहलीला जायला आधी ती जगायला पाहिजे."

ती दोन पायऱ्या खाली उतरली आणि भिंतीला टेकली. डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे शिकण्याचे दिवस संपत आले आहेत, असं ती म्हणाली. वर्ष उलटलं की कदाचित कधीच जमणार नाही. निनाद म्हणाला, कदाचित. डॉक्टरांचं सगळंच कदाचित आहे, निळे ओठ तेवढे खरे आहेत. शेवटी तीन आठवडे ठरले. तिसऱ्या रविवारपर्यंत जाई पट्टीशिवाय थांब्यातून बाहेर आली नाही तर पलंग. तो आधीच मागवायचा, म्हणजे एक रात्रही मध्ये जायला नको. मंगळवारी तो आला. इचलकरंजीच्या घरात दिवाणखान्याची निम्मी जागा त्या खोक्याने अडवली.

प्रणाली एकदाच रुग्णालयात आली. ती जाईच्या खाटेपासून लांब, खिडकीपाशी उभी राहिली. तुम्ही सगळे हसत होता, मी दाबलं एवढंच, असं तिने भावाला सांगितलं. नंतर ती आली नाही. जयश्रीबाई तासगावहून फोन करून रोज एकच विचारत, की टांगता पाळणा आणला असता तर काय झालं असतं. वरवंटा त्यात गेला असता, शेजपाळण्यात नाही, हे ईश्वरीला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिने आईला ते सांगितलं नाही.

जाईला रुग्णालयातच ठेवून सोडवण्याचं काम सुरू झालं. पट्टी खाटेच्या गादीखाली बसवली होती आणि पडद्यावर थांब्याचे सेकंद मोठ्या आकड्यांत दिसत. पहिल्या आठवड्यात जाई पाचपर्यंत गेली. पाचवर पट्टी येई आणि ती पुढे श्वास घेई. पट्टी यायच्या आत तिने कधी घेतला नाही. ईश्वरी आकड्याकडे पाहत बसे. तिच्या हाताखालून गिरणीत हजारो मीटर कापड सरकलं होतं, आणि एक धागा तुटला तरी यंत्र थांबवणं हेच तिचं काम होतं. इथे ते करायचं नव्हतं. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची.

दुपारी ती जेवायला गेली की उज्ज्वलाबाई बसत. हळूहळू त्या दोघी एकत्रच बसू लागल्या, आकड्याकडे सून आणि पायथ्याशी सासू. दुसऱ्या आठवड्यात फरक दिसला. जाई सातवर गेली, मग आठवर, आणि कधीकधी पट्टी थरथरायच्या आधीच श्वास येऊ लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसातून दोनदा. तो नेहमी उज्ज्वलाबाई बसलेल्या असताना येई. एकटी ईश्वरी बसली की जाई पट्टीची वाट पाही. आजीचा पायगुण म्हणून परिचारिका चेष्टा करत. उज्ज्वलाबाई हसत नसत. ईश्वरीला त्याचं थोडं वाईट वाटे आणि वाईट वाटल्याची लाजही वाटे.

तिसऱ्या रविवारी दुपारी डॉक्टरांनी पट्टी पूर्ण बंद केली. जाई दूध पिऊन झोपली. पहिला थांबा आला. आकडा दहाच्या पुढे गेला, अकरा झाला, बारा झाला, आणि जाईने एक हुंदक्यासारखा श्वास घेतला. मग दुसरा, मग नेहमीचे. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. एकावरून काही ठरत नाही, आणखी दोन थांबे पाहू, असं त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बदलला होता. ईश्वरी बाहेर गेली आणि तिने निनादला फोन केला. तो घरी खोक्याजवळ बसून होता. पलंग परत न्यायला सांगतो, असं तो म्हणाला. तिने नको म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्याचा निरोप आला, की गाडी पाच वाजता येतेय.

दुसरा थांबा आला. आकडा अकरावर असताना जाईने श्वास घेतला. ईश्वरी या वेळी आकडा सोडून उठली, मुलीच्या पायावरची चादर सरकली होती ती नीट करायला वाकली, आणि चादरीखाली तिला सासूबाईंचा हात लागला. अंगठा जाईच्या तळपायावर होता.



"आई, पहिल्या वेळीपण हात होता?"

उज्ज्वलाबाईंनी हात बाहेर काढून स्वतःच्या दुसऱ्या हातात धरला. "आठवत नाही गं."

"आठवा."

"मी ठेवते म्हणून ठेवत नाही. ती थांबली की हात जातो."

"तीन आठवडे?"

"तू आकडा बघत होतीस," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "मी तिचं तोंड बघत होते."

डॉक्टर मुजावर रागावल्या नाहीत. तीन आठवड्यांतले कुठले श्वास जाईचे आणि कुठले आजीचे हे आता सांगता येणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं. कदाचित सगळे आजीचे असतील. कदाचित पहिला बारा सेकंदांचा जाईचा असेल. अंगठा हलला नसेल, नुसता टेकलेला असेल, तरी तेवढ्याने मेंदूला पुरतं. तिसरा थांबा पाहायचा की पट्टी पुन्हा लावायची, हे त्यांनी ईश्वरीला विचारलं. निनादला फोन करायचा का, हेही विचारलं.

ईश्वरीने फोन हातात घेतला आणि उपडा करून खिडकीत ठेवला. मग तिने सासूबाईंचं स्टूल उचलून खाटेपासून चार हात मागे, भिंतीला लावलं. त्यांना ती बाहेर जा म्हणाली नाही.

"इथं बसा," ती म्हणाली. "पण इथंच."

उज्ज्वलाबाई बसल्या. त्यांनी पदराचं टोक दोन्ही मुठींत धरलं. ईश्वरी पडद्याकडे पाठ करून जाईच्या चेहऱ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून. डॉक्टर पलीकडच्या बाजूला प्राणवायूची नळी घेऊन थांबल्या. जाईच्या गालावर दुधाचा एक सुकलेला ओघळ होता. तो पुसायलाही कोणी पुढे झालं नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी जाईने श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही. डॉक्टरांनी आकडे हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली. सातला उज्ज्वलाबाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. दहाला जाईच्या कपाळावर बारीक आठी उमटली. बारा झाले. खोलीतल्या तिघींपैकी कोणाचाही हात तिच्या अंगावर नव्हता.